मिररलेस कॅमेरा घेताय? आधी लेन्सचा हिशोब मांडा

आपल्याकडे गळ्यात अडकवायचा कुठलाही मोठा कॅमेरा म्हणजे ‘डीएसएलआर’. लग्नाच्या फोटोग्राफरकडे असतो तो डीएसएलआर, भाच्याने पहिल्या पगारातून घेतला तोही डीएसएलआर. पण आज दुकानात जाऊन डीएसएलआर मागितला, तर काउंटरवर बहुधा वेगळीच वस्तू येते. कॅनन आणि निकॉन या दोन मोठ्या घराण्यांनी आपले शेवटचे नवे डीएसएलआर २०२० साली आणले. त्यानंतरचं त्यांचं सगळं लक्ष मिररलेसवर आहे. मग सेल्समन आर५०, झेड३०, झेडव्ही-ई१० अशी नावं घेतो, ‘चोवीस मेगापिक्सेल, फोर-के, आय ऑटोफोकस’ हे एका दमात म्हणून टाकतो आणि गिऱ्हाईक गोंधळतं.

लेन्ससह साधारण पन्नास ते ऐंशी हजारांत बसणाऱ्या आटोपशीर मिररलेस कॅमेऱ्यांपुरतंच इथे बोलू.

## आरसा गेला म्हणजे नक्की काय झालं?

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आधी एका तिरक्या आरशावर पडतो आणि तिथून वर व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत जातो. बटण दाबलं की आरसा ‘खटॅक’ करून वर उचलला जातो आणि प्रकाश मागच्या सेन्सरवर पोहोचतो. सेन्सर म्हणजे पूर्वीच्या फिल्मच्या जागी आलेली, प्रकाश टिपणारी चिप.

मिररलेसमध्ये हा आरसा काढून टाकला. सेन्सर कायम उघडा असतो आणि त्याला दिसतं तेच पडद्यावर दिसतं. पॅनासॉनिकने २००८ मध्ये जी१ आणला तेव्हापासून ही जात बाजारात रुळली. आरशाची जागा वाचल्यामुळे कॅमेरा सडपातळ झाला. कॅननच्या जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्स बसते ती कडी सेन्सरपासून ४४ मिमी लांब होती, आता ती २० मिमीवर आली. शिवाय फोटो किती उजळ येणार हे बटण दाबायच्या आधीच कळतं आणि डोळे ओळखून फोकस धरून ठेवणं सोपं झालं.

किंमत मोजावी लागली ती बॅटरीत. निकॉनचा डी३५०० हा साधा डीएसएलआर एका चार्जमध्ये कंपनीच्या मोजणीनुसार १५५० फोटो काढायचा. आज याच वर्गातला मिररलेस तीनशे-चारशेला दमतो, कारण पडदा आणि सेन्सर सतत चालू. म्हणून दुसरी बॅटरी पहिल्याच दिवशी बजेटमध्ये धरा.

## सेन्सर किती मोठा हवा?

चार मापं लक्षात ठेवली तरी पुरे. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिमी, म्हणजे जुन्या फिल्मच्या एका चौकटीएवढा. एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६ मिमी (कॅननचा किंचित लहान, २२.३ बाय १४.९). मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३. आणि चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर सुमारे १० बाय ७.५ मिमी.

आपल्या बजेटमधले बहुतेक सगळे नवे कॅमेरे एपीएस-सी आहेत आणि तेच ठीक आहे. फुल फ्रेमची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, एखाद्या वेळी सेलमध्ये किंवा सेकंडहँड बजेटमध्ये बसेलही, पण तिच्या लेन्स जड आणि महाग असतात. हत्ती स्वस्त मिळाला म्हणून घेतला, तरी त्याचा चारा स्वस्त होत नाही.

मेगापिक्सेलचं काय? वीसच्या पुढे असले की तो प्रश्न विसरून जा. २० आणि २४ यांतला फरक भिंतीवर लावलेल्या फोटोतही ओळखू येत नाही.

## एवढा खर्च करून फोटो फोनसारखेच का येतात?

नवा कॅमेरा आणणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या पंधरवड्यात हा प्रश्न पडतो. विशेषतः घरात, संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात.

पावसाळ्यात पन्हळीखाली पाणी धरतो ते डोळ्यासमोर आणा. सेन्सर म्हणजे खाली ठेवलेलं घमेलं आणि लेन्स म्हणजे वरची पन्हळ. फोनमध्ये वाटी होती, आता घमेलं आणलं. पण पन्हळ पूर्वीइतकीच बारीक असेल, तर घमेल्यात पाणी तेवढंच पडणार.

ही पन्हळ किती रुंद आहे ते लेन्सवर लिहिलेलं असतं. ‘एफ’नंतरचा आकडा म्हणजे अ‍ॅपर्चर, अर्थात प्रकाश आत येण्याचं छिद्र. लेन्सच्या फोकल लेंथला (तो मिमीतला आकडा) या आकड्याने भागलं की छिद्राची रुंदी मिळते. म्हणून एफचा आकडा लहान असेल तेव्हा छिद्र मोठं.

आता भागाकार करू. कॅनन आर५० सोबत मिळणारी १८-४५ मिमीची लेन्स १८ मिमीला एफ/४.५ वर उघडते. १८ भागिले ४.५ म्हणजे ४ मिमी. चांगल्या फोनची मुख्य लेन्स सुमारे ७ मिमीची आणि एफ/१.८ असते. भागाकार केला की इथेही ४ मिमीच्याच आसपास! म्हणजे खोलीतला रुंद फोटो काढताना दोन्हींच्या पन्हळी सारख्याच. त्यात फोन गुपचूप आठ-दहा फोटो काढून ते एकत्र शिजवतो आणि डाग पुसून देतो. कॅमेरा सहसा असलं काही करत नाही. फोटो सारखेच दिसले तर त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही.

बॉक्समध्ये येणाऱ्या या लेन्सला किट लेन्स म्हणतात. ती हलकी आणि स्वस्त असते, दिवसाउजेडी उत्तम काम करते. अंधारात मात्र झूम केलं की सेन्सरवर पडणारा प्रकाश आणखी घटतो आणि ४५ मिमीला आकडा एफ/६.३ होतो. त्याच्या शेजारी ५० मिमी एफ/१.८ ची झूम नसलेली साधी लेन्स ठेवा. ६.३ ला १.८ ने भागून वर्ग केला तर सेन्सरवर बारापट प्रकाश! कॅननची आरएफ ५० मिमी एफ/१.८ फक्त १६० ग्रॅमची आहे आणि पंधरा-वीस हजारांच्या पट्ट्यात मिळते. खरं तर मोठ्या सेन्सरचे पैसे वसूल होतात ते या दुसऱ्या लेन्सने.

म्हणून हिशोब उलटा मांडा. ऐंशी हजार हातात असतील तर सगळे बॉडीवर घालू नका. साठ-पासष्टच्या आत बॉडी आणि किट बसवा, उरलेल्यात एक उजेडाची लेन्स घ्या. वरच्या मॉडेलची बॉडी आणि तीच किट लेन्स यापेक्षा खालची बॉडी आणि एफ/१.८ ची लेन्स, ही जोडी कितीतरी सरस.

दुकानात याची परीक्षा पाच मिनिटांत होते. डायल ‘टीव्ही’वर फिरवा (निकॉन, सोनीवर ‘एस’), शटर स्पीड, म्हणजे सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, १/२०० सेकंद ठेवा, आयएसओ ऑटोवर. आयएसओ म्हणजे कमी पडलेला प्रकाश कॅमेऱ्याने आवाज वाढवावा तसा वाढवणं. तो जितका चढतो तितका फोटोत रवा दिसतो. किट लेन्स पूर्ण झूम करून काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे धरा आणि पडद्यावरचा आयएसओचा आकडा वाचा. मग तीच बॉडी, तोच कोपरा, पण ५० मिमी एफ/१.८ लावून. पहिल्यांदा १२८०० दिसलं असेल तर आता १००० च्या आसपास दिसेल. दोन्ही फोटो मोठे करून बघा. सेल्समनला यानंतर फार काही सांगावं लागत नाही.

## पण फोनही पाठीमागचं धूसर करतोच की!

करतो, अंदाजाने. चष्म्याची काडी, सुटलेले केस, काचेच्या पेल्याची कड अशा जागी तो अंदाज चुकतो. लेन्सची धूसरता खरी असते, अंतरानुसार हळूहळू वाढत जाते. तरीही सगळे फोटो दिवसा बाहेर काढायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवायचे असतील, तर कॅमेरा घेऊ नका. तो पैसा प्रवासाला वापरा.

## माउंट म्हणजे सोयरीक

लेन्स ज्या कडीत बसते तिला माउंट म्हणतात आणि बहुतेक कंपन्यांचा तो वेगळा असतो. बॉडी चार-पाच वर्षांनी बदलते, लेन्स राहतात. त्यामुळे मुलगा बघताना घराणंही बघावं तसं हे.

घराणी बुडतातही. निकॉनची ‘१’ मालिका २०११ मध्ये आली आणि २०१८ मध्ये संपली. सॅमसंगने आपली एनएक्स मालिका गुंडाळली. कॅननची ईएफ-एम मालिका २०१२ ते २०२३ एवढीच टिकली. सेकंडहँड बाजारात एम५० स्वस्तात दिसतो तो याच मालिकेतला. कॅमेरा अजूनही छान आहे, पण त्याच्या लेन्स कॅननच्या आताच्या आरएफ माउंटच्या बॉडीवर कुठल्याही जोडकडीने म्हणजे अ‍ॅडॉप्टरने बसत नाहीत. कडी आणि सेन्सरमधलं अंतर ईएफ-एममध्ये १८ मिमी, आरएफमध्ये २०. अ‍ॅडॉप्टर जाडी वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. तेव्हा एम५० घ्यायचाच तर २२ मिमी एफ/२ लेन्ससकट, अगदीच पडत्या भावात मिळाला तर.

आजच्या घडीला सोनीच्या ई माउंटला इतर कंपन्यांच्या लेन्स सर्वांत जास्त मिळतात. सिग्माच्या १६, ३० आणि ५६ मिमी एफ/१.४ या तीन लेन्स वर्षानुवर्षं लोकांच्या लाडक्या आहेत. याच तिन्ही २०२३ मध्ये निकॉन झेडसाठी आल्या. कॅननने बराच काळ दार बंद ठेवलं होतं. २०२४ मध्ये त्यांनी एपीएस-सीसाठी सिग्मा आणि टॅमरॉनला आत घेतलं, तेव्हापासून आर५० ची बाजू बरीच भक्कम झाली. फुजीचं एक्स माउंट लेन्सच्या बाबतीत श्रीमंत, पण आपल्या बजेटच्या वरच्या टोकाला. मायक्रो फोर थर्ड्स परदेशात स्वस्त आणि मस्त पर्याय असेल, आपल्याकडे मात्र आधी जवळचं सर्व्हिस सेंटर शोधा, मग प्रेमात पडा.

## घरात जुन्या डीएसएलआरच्या लेन्स पडल्या आहेत, त्या चालतील?

कॅननच्या असतील तर आनंद. ईएफ आणि ईएफ-एस लेन्स कॅननच्या अ‍ॅडॉप्टरने आर५० वर ऑटोफोकससकट चालतात.

निकॉनमध्ये एक खोच आहे. एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स व्यवस्थित चालतात. पण घरोघरी सापडणारी ५० मिमी एफ/१.८ ‘डी’ फोकस हाताने करायला लावते, कारण तिच्यात मोटर नसते. ती जुन्या बॉडीतल्या मोटरवर फिरायची आणि झेड बॉडीत ती मोटर नाही. लेन्सच्या कडेवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ अशी अक्षरं आहेत का, तेवढं वाचून मगच अ‍ॅडॉप्टरवर खर्च करा.

## मग कुठला घ्यायचा?

घरातली मुलं, सणवार, सहली, थोडा व्हिडिओ असा सगळा संसार असेल तर कॅनन आर५०. बॅटरी-कार्डसह ३७५ ग्रॅम, फोकस चपळ, पडदा उघडून फिरतो आणि मुख्य म्हणजे व्ह्यूफाइंडर आहे. उन्हात रायगडावर उभं राहून पडद्यावर काही दिसत नाही तेव्हा त्या खिडकीचं मोल कळतं. झेड३०, झेडव्ही-ई१० आणि फुजी एक्स-एम५ यांना ती नाही.

कॅननचाच आर१०० त्याच्याहून स्वस्त, दिसायला सख्खा भाऊ. पण त्याचा पडदा स्थिर आहे, स्पर्शाला दाद देत नाही आणि फोर-के व्हिडिओत चित्राच्या कडा आणखी कापल्या जातात. फक्त फोटोच काढायचे आणि बजेट खरंच ताणलेलं असेल तरच.

निकॉन झेड३० ची पकड हातात भरते, आणि किट लेन्स १६ मिमीपासून सुरू होते. कॅननच्या १८ पेक्षा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण दहा बाय दहाच्या खोलीत बारशाला जमलेली माणसं चौकटीत बसवताना जाणवतो.

मुख्य काम व्हिडिओचं असेल तर सोनी झेडव्ही-ई१०, लेन्सच्या मुबलकतेसाठी. एक खोट सांगून ठेवू. त्याचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि फोर-केमध्ये सावकाश वाचतो. चालत्या लोकलमधून बाहेरचं शूट केलं की विजेचे खांब तिरके दिसतात.

बॉडीतच हादरे शोषणारी यंत्रणा आर५०, आर१००, झेड३० आणि झेडव्ही-ई१० यांपैकी एकातही नाही. ती किट लेन्समध्ये असते आणि एफ/१.८ च्या स्वस्त लेन्समध्ये सहसा नसते. हात थरथरतो त्यावर तिचा उपयोग, पळणाऱ्या पोरावर नाही. पोराला थांबवायला १/२५० किंवा त्याहून वेगवान शटरच लागतो.

ताडोबा किंवा भिगवणच्या रोहित पक्ष्यांसाठी कॅमेरा हवा असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथे ४०० मिमीच्या लेन्सशिवाय समाधान होत नाही आणि ती बॉडीइतकी किंवा जास्त किमतीची असते. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने लेन्स भाड्याने आणावी.

## कॅमेरा नवा आहे, तरी बिघडल्यासारखं का वाटतं?

दोन तक्रारी हमखास येतात. पहिली, कॅमेरा चालू केला की पडदा काळा आणि लेन्सबद्दल एक सूचना. कॅनन आणि निकॉनच्या या किट लेन्स घडी घालून ठेवलेल्या असतात. कडी फिरवून लेन्स आधी बाहेर काढायची. सोनीची १६-५० आपोआप बाहेर येते.

दुसरी, व्हिडिओत काळे पट्टे सरकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. मेनूत ‘पाल’ (PAL) ही व्हिडिओ पद्धत निवडा, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. पट्टे जातात. फोटोत तसे पट्टे आले तर आवाजरहित इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा.

## ऑनलाइन दहा हजार स्वस्त दिसतोय, घेऊ?

तो भारतीय वॉरंटीचा माल आहे का, ते आधी. परदेशातून परस्पर आणलेला कॅमेरा स्वस्त पडतो, पण बिल आणि वॉरंटी कार्ड नसलं की सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्तीचे पैसे पूर्ण मोजावे लागतात. जपानी बाजारातल्या सोनीचा मेनू तर फक्त जपानीत असतो. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात भाव करता येतो. तिथेही जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावरचा सीरियल नंबर बॉडीखालच्या नंबराशी ताडून बघा.

‘फ्री’ बॅग, ट्रायपॉड आणि मेमरी कार्डाच्या कॉम्बोला भुलू नका. त्याऐवजी तेवढी रक्कम कमी करून मागा. कार्ड चांगल्या कंपनीचं ६४ जीबी, त्यावर ‘व्ही३०’ ही वेगाची खूण असलेलं घ्या. फोर-के व्हिडिओ १०० मेगाबिटने साठवला तर तासाला ४५ जीबी लागतात, त्यावरून किती कार्डं हवीत ते ठरवा. नवं कार्ड एकदा काठोकाठ भरून, सगळ्या फाइल उघडतात का ते पाहा. नकली कार्डं अर्ध्यावर भरली की पुढचं सगळं गिळून टाकतात.

फिल्टर घ्यायचा तर माप बघून. कॅननच्या १८-४५ ला ४९ मिमी, निकॉनच्या १६-५० ला ४६, सोनीच्या १६-५० ला ४०.५.

## सेकंडहँड घेणं धोक्याचं आहे का?

बघून घेतला तर नाही. सोनी ए६४०० आणि सिग्मा ३० मिमी ही जुनी जोडी आजही नव्या किटला रात्रीच्या फोटोत सहज मागे टाकते.

बघायचं असं. अ‍ॅपर्चर एफ/१६ करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसेल. ठिपके धुता येतात, ओरखडे नाहीत. लेन्स काढून तिच्यातून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स परत ठेवा. शटर किती वेळा पडला हा आकडा विचारा, पण त्यावरच विसंबू नका. दोन वर्षं नुसतं व्हिडिओ शूट केलेल्या कॅमेऱ्याचा तो आकडा नव्यासारखाच दिसतो. चार्जिंगचं आणि माइकचं भोक, पडद्याची बिजागरी आणि फ्लॅश बसवायची खाच ढिली नाही ना, ते हाताने हलवून बघा.

## आणि पावसाळा

कोकणात, गोव्यात आणि मुंबईत लेन्सचा खरा शत्रू बुरशी. जून ते सप्टेंबर कॅमेरा कपाटात, चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत ठेवणं म्हणजे तिला आमंत्रण. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिक डबा, त्यात दोन-तीनशे ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्यावर भागतं. काटा ४० ते ५० टक्क्यांदरम्यान राहू द्या. तिसाच्या खाली फार काळ गेला तर रबर आणि वंगण सुकतं.

जेलचे रंगीत मणी रंग बदलले की गरम करून पुन्हा वापरता येतात. निळे असतील तर त्यांत कोबाल्टचं रसायन असतं, त्यांच्यासाठी स्वयंपाकाची कढई वापरू नका. नारिंगी मिळाले तर तेच घ्या. आणि एसीच्या खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा बॅगेतच वीस-तीस मिनिटं राहू द्या. लगेच काढला तर लेन्सवर वाफ धरते आणि त्या घाईत लेन्स बदलली तर तीच वाफ उघड्या सेन्सरवर बसते.